परवान्यावरचे दर्शन

२०१८ च्या उन्हाळ्यात आमचा बावीस जणांचा समूह कैलास-मानसरोवराची यात्रा करून परतला, त्यानंतर मुडबीत एका संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर यात्रावर्णनाचा कार्यक्रम झाला. मुडबी, बसवकल्याण, आळंद, उमरगा अशा ठिकठिकाणच्या मराठी घरांतील मंडळी त्या समूहात होती. पडद्यावर छायाचित्रे दाखवली गेली. उंची किती, थंडी किती, प्राणवायूचे नळकांडे कितीदा लागले, घोड्याला किती पैसे पडले, याची चर्चा तासभर चालली. अखेरीस मागच्या रांगेतून एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "ते सगळं खरं, पण तिथली माणसं कशी आहेत?" आम्ही उत्तरलो, "फार चांगली, फार श्रद्धाळू." त्यांनी मान डोलावली आणि कार्यक्रम संपला.

घरी जाताना मात्र आमच्या मनात आले की, हे उत्तर जगातील कोणत्याही गावाविषयी देता आले असते. इतके दिवस आम्ही त्या भूमीवर होतो, आणि तेथील एकाच माणसाशी आमचे काय ते बोलणे झाले होते. त्याच्याशी जे बोललो, ते चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. ते येथे सांगावयाचे आहे. परंतु त्याआधी या यात्रेच्या कागदांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आमचा प्रश्न त्या कागदांतूनच उद्भवलेला आहे.

कैलासाला जाणाऱ्या वाटा शतकानुशतके पायाखालच्या होत्या. हिंदूंना तो शिवाचे स्थान, जैनांना अष्टापद, बौद्धांना कांग रिनपोचे. आणि तिबेटातील प्राचीन बोन पंथीयांनाही तो तितकाच पवित्र. इतर सारे उजवी प्रदक्षिणा घालतात, बोनपंथी डावी घालतात, आणि दोघांची वाटेत समोरासमोर गाठ पडते. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात झालेला करार आपण 'पंचशील' या नावाने ओळखतो. त्याचा खरा विषय तिबेटशी होणारा व्यापार आणि ये-जा हा होता, याचे स्मरण थोड्यांनाच असते. त्या करारात यात्रेकरूंसाठी एक कलम आहे. भारतातील यात्रेकरूंनी कैलास व मानसरोवरास जावे, आणि तिबेटातील यात्रेकरूंनी काशी, सारनाथ, गया व सांचीस यावे, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. तीर्थयात्रा ही देवाणघेवाण आहे, एका बाजूने जाणे आणि दुसऱ्या बाजूने येणे, हे तत्त्व त्या सरकारी मसुद्यातही मान्य झालेले होते.

पुढे १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामांना ल्हासा सोडून तवांगच्या वाटेने भारतात यावे लागले. १९६२ च्या जूनमध्ये कराराची मुदत संपली आणि त्याच वर्षी युद्ध झाले. वाट बंद पडली, ती १९८१ मध्ये लिपुलेख खिंडीतून पुन्हा उघडली. नथुलामार्गे दुसरी वाट २०१५ मध्ये सुरू झाली, डोकलामच्या तंट्यामुळे २०१७ मध्ये ती अडली. २०२० पासून सारीच यात्रा थांबली आणि २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा चालू झाली. त्या वर्षी सरकारी यात्रेसाठी ७५० जणांची निवड झाली. यांपैकी प्रत्येक उघडझाप दिल्ली आणि बीजिंग यांच्या मर्जीने घडली. वाटेवर राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले नाही.

शिवाय, उघडली ती एकच बाजू. २०१२ च्या जानेवारीत बोधगयेला कालचक्र सोहळा झाला, त्याला तिबेटातून हजारो भाविक आले होते. परतल्यावर त्यांतील अनेकांना ताब्यात घेऊन 'पुनर्शिक्षणा'स बसवण्यात आले, आणि त्याच वर्षी तिबेट स्वायत्त प्रदेशातील रहिवाशांचे पासपोर्ट परत घेण्यात आले. आम्ही मानसाचे जल तांब्यात भरून आणू शकतो. तेथील म्हाताऱ्याला गयेस येणे मात्र जवळजवळ अशक्य आहे. १९५४ च्या त्या कलमाचा अर्धा भागच आता उरला आहे, आणि त्या अर्ध्याचे धनी आपण आहोत.

आम्ही नेपाळमार्गे गेलो. या वाटेने जाणाऱ्यांना समूहाचा व्हिसा मिळतो. तो पासपोर्टवर उमटत नाही. एका स्वतंत्र कागदावर सर्वांची नावे क्रमाने लिहिलेली असतात. नाक्यावर त्याच क्रमाने उभे राहावयाचे, एकत्र आत जावयाचे, एकत्रच बाहेर पडावयाचे. तिबेटसाठीचा प्रवासपरवाना निराळा. मार्गदर्शक त्यांनी नेमून दिलेला, मुक्काम ठरलेले, वाट सोडण्याची मुभा नाही. दलाई लामांचे चित्र किंवा पुस्तक सामानात असू नये, ही सूचना काठमांडूतच मिळते. आम्ही सारी सुशिक्षित मंडळी. सूचना ऐकली, परस्परांकडे पाहून हसलो, आणि पिशव्या तपासून घेतल्या.

आमचा मार्गदर्शक तिबेटी तरुण होता. इंग्रजी बरे बोलत असे, आणि यात्रेकरूंच्या तोंडून उचललेले हिंदी शब्द मधूनमधून पेरत असे. वृद्धांची तो मनापासून काळजी घेई. मानसरोवराच्या काठाने बस चालली होती. डावीकडे अथांग निळे पाणी होते, मनाला एक प्रकारचे भरते आलेले होते. त्या भरात आम्ही सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारले, "दलाई लामांविषयी तुम्हा लोकांना खरोखर काय वाटते?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "ते पाहा, गुर्ला मांधाता. ७६९४ मीटर." सर्वांनी माना वळवल्या, छायाचित्रे काढली. त्यानंतरच्या दिवसांत त्याने कामात कसूर केली नाही, परंतु जेवणाच्या वेळी तो आमच्या मेजावर पुन्हा बसला नाही. बसच्या पुढच्या काचेशी असलेला लहानसा कॅमेरा आमच्या ध्यानी आला, तो दुसऱ्या दिवशी. त्या तरुणाचे पुढे काही झाले की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याचा निर्धोक मार्गही नाही.

हा प्रश्न आम्ही दुष्टपणाने विचारला नव्हता. उलट आपण नुसते पर्यटक नाही, आपल्याला सदसद्विवेक आहे, हे स्वतःला पटवण्यासाठीच विचारला होता. म्हणजे आमच्या विवेकाचे समाधान व्हावे, म्हणून धोका पत्करावयाचा होता तो त्याने. आम्हाला फार तर परत धाडले असते. त्याची उपजीविका, कदाचित त्याहूनही अधिक काही, पणाला लागले असते. परवान्यावर आलेला माणूस आणि तेथे राहणारा माणूस यांतला भेद तो हाच. पहिल्याची जोखीम तारखेनिशी संपते, दुसऱ्याची संपत नाही.

मग प्रश्न असा उभा राहतो : ज्या भूमीत तेथील रहिवाशाला मोकळेपणाने बोलता येत नाही, तेथे दर्शनासाठी जाणे योग्य काय? आणि गेलोच, तर त्या परवान्याबरोबर कोणते ऋण आपल्या माथी येते?

हा प्रश्न नवा नाही आणि परकाही नाही. मंगळवेढ्याचा चोखामेळा पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभा राहिला, तेव्हा आत जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या वाट्याला तो आलेलाच होता. पुढे साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करून ते दार उघडवले. १९३८ मध्ये ओरिसातील देलांग येथे मुक्काम असता कस्तुरबा जगन्नाथपुरीच्या मंदिरात दर्शनाला गेल्या, आणि गांधीजींना त्याचे फार दुःख झाले. ज्या दारातून हरिजनांना प्रवेश नाही, त्या दारातून आपल्या माणसांनीही जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. जे दुसऱ्याला नाकारले आहे ते आपण घेऊ नये, हा एक स्वच्छ मार्ग आहे. त्याचे तेज आम्हाला मान्य आहे.

याच मार्गाचा अवलंब पुढे ब्रह्मदेशाच्या बाबतीत झाला. तो देश आपणांस लोकमान्यांच्या मंडालेमुळे जवळचा. तेथील लष्करी राजवटीने १९९६ हे वर्ष पर्यटनवर्ष म्हणून साजरे करावयाचे ठरवले, तेव्हा आंग सान सू की यांनी परदेशी प्रवाशांना न येण्याचे आवाहन केले. २०१० नंतर त्यांच्या पक्षाने ते सौम्य केले. मात्र एकट्यादुकट्याने येऊन लोकांत मिसळणारा प्रवासी चालेल, ठरावीक सहली नकोत, असा भेद त्यांनी केला. तो भेद वाचताना आम्हाला आमची बस आठवली. समूहात माणूस सुरक्षित असतो, परंतु तो बहुधा स्वतःच्याच माणसांना भेटत असतो. आम्ही बावीस जणांनी तिबेटात थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी आणि सायंकाळची आरती यांसह एक लहानसे मुडबीच सोबत नेले होते.

तरीही गांधीजींचा नियम येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. पुरीच्या दाराबाहेर उभे असणारे तेथेच होते, आणि त्यांची मागणी स्पष्ट होती. तिबेटच्या बाबतीत ज्यांना विचारावयाचे, त्यांतील जे आत आहेत त्यांना बोलता येत नाही, आणि जे बाहेर आहेत त्यांचे सर्वांत वडीलधारे पुरुष दलाई लामा वेळोवेळी सांगत आले आहेत की, शक्य असेल त्यांनी तिबेटला जावे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि परत येऊन जगाला सांगावे. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनीच 'जा' म्हटले असता, आपण आपल्या सोवळेपणासाठी घरी बसणे हा त्यांचा सन्मान ठरणार नाही. परंतु त्या सांगण्याचा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो. जा, पाहा, आणि सांगा. आम्ही गेलो, थोडेसे पाहिले, आणि देवळासमोर सांगितले ते घोड्याचे भाडे.

येथे आम्हाला आमच्याच मातीकडे वळले पाहिजे. कारण परवान्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना ठाऊक असावयास हवे. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. १९२९ मध्ये निघालेल्या 'गश्ती निशाण ५३' अन्वये सभा भरवावयाची तर आधी सरकारी परवानगी घ्यावी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. १९३९ च्या आर्य समाजी सत्याग्रहातील पहिले सर्वाधिकारी महात्मा नारायण स्वामी गुलबर्ग्याच्याच तुरुंगात होते. आणि त्याच वर्षांत, त्याच जिल्ह्यात, दत्तप्रभूंच्या गाणगापुरास मुंबई-पुण्याकडील यात्रेकरू आगगाडीने येत होते, भीमा-अमरजेच्या संगमात स्नान करत होते, माधुकरी मागत होते आणि परत जात होते. त्यांच्यापुरते आमचे गाव म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसलेले तुरीचे शेत होते.

आमच्या आजोबांना त्या यात्रेकरूंविषयी राग नव्हता. ते म्हणत, देवाला येणाऱ्याला कोण अडवणार? पण परत जाऊन 'निजामाच्या राज्यात सारे आलबेल आहे, आम्ही डोळ्यांनी पाहून आलो' असे सांगणाऱ्यांचा त्यांना संताप येई. आणि त्याहून अधिक भय वाटे ते, भर बाजारात मोठ्याने 'तुमच्यावर फार जुलूम होतो म्हणे?' असे विचारणाऱ्या सहृदय पाहुण्याचे. त्या पाहुण्याची गाडी संध्याकाळी सुटे. बाजारातला शिपाई तेथेच राही. हे आम्ही लहानपणी कितीदा तरी ऐकले होते. मानसरोवराच्या काठी मात्र ते आठवले नाही. सोसलेल्यांच्या नातवंडांना सोसण्याचे शहाणपण वारशाने मिळत नाही, असेच म्हणावयाचे.

आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना हात अडखळतो. १९४८ च्या मे महिन्यात आपल्याच तालुक्यातील गोरटे गावी रझाकारांनी केलेले हत्याकांड आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. ते स्मरण योग्यच आहे. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर या भागातील मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, त्याविषयी आपण बोलत नाही. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे मंडळ पाहणीसाठी धाडले होते. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बिदर ही नावे लिहिली. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला. आजही बाहेरचा कोणी आपल्या गावात येऊन त्या दिवसांविषयी विचारू लागला, तर आपण काय करतो? आपण त्याला बसवकल्याणचा किल्ला दाखवतो, अनुभवमंटप दाखवतो. "ते पाहा, गुर्ला मांधाता" असे म्हणणारा तो तरुण आणि आपण यांत अंतर आहेच. त्याला भय होते, आपल्याला केवळ संकोच आहे. म्हणूनच त्याचे मौन क्षम्य ठरते आणि आपले तितकेसे ठरत नाही.

या साऱ्यातून आम्हाला जे उमगले ते थोडक्यात असे. परवाना आपल्याला प्रवेश देतो, निर्दोषपणा देत नाही. तेथे असताना यात्रेकरूचे पहिले कर्तव्य मौनाचे आहे, भित्रेपणाच्या नव्हे, तर दुसऱ्याची जोखीम ओळखणाऱ्या मौनाचे. न विचारताही पुष्कळ दिसते. डोल्मा खिंडीच्या वाटेवर दंडवत घालत जाणारी बाई दिसते. ५२ किलोमीटरांची ती प्रदक्षिणा, जी आम्ही तीन दिवसांत कशीबशी पुरी करतो, ती एका दिवसात आटोपून घरी जाणारा गुराखी दिसतो. आणि नाक्यावर आमच्यापेक्षा त्याचीच तपासणी अधिक वेळ चालते, हेही दिसते. हे पाहण्याला बंदी नाही. ते पाहून लक्षात ठेवावे. परतल्यावर मात्र मौन सुटले पाहिजे. काय पाहिले याबरोबरच काय पाहू दिले नाही, कोणाशी बोललो याबरोबरच कोणाशी बोलता आले नाही, हेही वर्णनात आले पाहिजे. फक्त ज्याच्यावर ते शेकेल, त्याची ओळख वगळून. असे न करणारे यात्रावर्णन, कितीही भक्तिपूर्ण असले तरी, ज्याने परवाना दिला त्याच्याच जाहिरातीचे काम करते.

आणि तिसरे कर्तव्य अधिक जवळचे आहे. १९६० च्या सुमारास, बी. डी. जत्ती मुख्यमंत्री असताना, तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तिबेटी निर्वासितांना बैलकुप्पे येथे जमीन दिली; १९६६ मध्ये मुंडगोडची वसाहत झाली. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ अशी एक वसाहत आहे. हुबळीहून शिरसीकडे जाताना आपण मुंडगोडवरून जातो, मठांची सोनेरी शिखरे पाहतो, गाडी थांबवून छायाचित्र काढतो. तेथे जन्मलेली, कन्नड बोलणारी माणसे आजही मोठ्या संख्येने नोंदणी प्रमाणपत्राचा कागद जवळ बाळगून, मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करून राहतात. त्यांतील कित्येकांनी कैलास केवळ चित्रात पाहिला आहे. आपणही पिढ्यांमागे या मुलखात येऊन वसलेले लोक. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, हे आपल्याला सांगावे लागत नाही. परंतु आपल्याला कोणी कागद मागत नाही. आणि मुंडगोडमध्ये भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही, काचेशी कॅमेरा नसतो. जो प्रश्न आम्ही चुकीच्या जागी विचारला, तो तेथे विचारता येतो, आणि उत्तर ऐकण्यास वेळ काढणे एवढेच आपल्या हाती उरते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो. सोबत मानसरोवराचे उरलेले थोडे पाणी एका कुपीत नेले होते. वसाहतीतील एका वृद्धेच्या हातावर ते ठेवले. तिने ते कपाळाला लावले, थोडे जिभेवर घेतले, आणि मग आम्हाला एकच गोष्ट विचारली, "तिथली माणसं कशी आहेत?"

या खेपेस आम्ही उत्तर देण्याची घाई केली नाही. आम्ही तिला सांगितले की, आम्हाला एक तरुण भेटला होता, तो वृद्धांची फार काळजी घेई, आणि आम्ही त्याला एक प्रश्न विचारला, तो विचारावयास नको होता. तिने सारे ऐकून घेतले. काही बोलली नाही. आत जाऊन चहा घेऊन आली.